शिळ्या मागावर कुत्रा उतरवण्याआधी

माग म्हणजे माणूस चालून गेलेल्या वाटेवर राहिलेला त्याचा वास; वेळ गेला की तो शिळा होतो. दहा-वीस मिनिटांपूर्वीचा माग कुत्रा न अडखळता काढायला लागला, की तासाभराच्या मागाची तयारी सुरू करायची. यातली बहुतेक तयारी माणसाची असते. कुत्र्याला नाक आहेच. माग नेमका कुठून गेलाय हे आपल्याला पक्कं माहीत हवं, नाहीतर बरोबर चाललेल्या कुत्र्याला आपणच चुकीचं ठरवून मागे ओढतो.

आदल्या दिवशी रान बघून या. शेतमालकाला विचारा आणि फवारणी कधी झाली याचीही चौकशी करा. दिवाळीनंतर माळावरच्या गवताला कुसळं धरतात. ती नाकात, कानात, पंजाच्या बेचक्यांत शिरतात आणि आत सरकत जातात. असलं गवत नकोच. काढणी झालेलं, थोडी ओल धरून असलेलं शेत उत्तम.

माग टाकायला घरातलं नव्हे, दुसरं माणूस बोलवा. कापड, चामडं, लाकूड यांचे तळहाताएवढे तुकडे त्याने अर्धा तास खिशात बाळगावेत, म्हणजे त्यांना त्याचा वास लागतो. माग टाकताना वाटेत एक-दोन आणि शेवटी एक ठेवावा. त्याच्याकडून वहीत नकाशा काढून घ्या: बाभळीपासून बांधाच्या दिशेने साठ पावलं, तिथून उजवीकडे विहिरीच्या कठड्याकडे चाळीस. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. तो चार-पाच मीटर सहज चुकतो आणि वळणावर तेवढंच अंतर महत्त्वाचं असतं. वळणापाशी झेंडे रोवले तर हुशार कुत्रा नाक सोडून डोळे वापरतो. त्यापेक्षा वळणापासून ठरावीक अंतरावरच्या झुडपाला कपड्याचा चिमटा लावा आणि ते अंतर वहीत लिहा.

ताज्या मागावर पावलापावलात खाऊ टाकायची सवय असेल तर ती इथे मोडावी लागेल. तासाभरात मुंग्या सगळं वाहून नेतात आणि कुत्रा मुंग्यांची रांग हुंगत बसतो. उकडलेलं चिकन घट्ट झाकणाच्या डबीत, तेही फक्त शेवटच्या वस्तूपाशी.

वेळ वाढवताना लांबी कमी करा. अमेरिकन केनेल क्लबच्या टीडीएक्स (ट्रॅकिंग डॉग एक्सलंट) या माग काढण्याच्या वरच्या पातळीच्या परीक्षेत माग तीन ते पाच तास जुना, 800 ते 1000 यार्ड लांब असतो आणि त्याला परक्यांचे माग आडवे जातात. तिथवर पोचायला वेळ लागतोच. तुमचा पहिला तासाभराचा माग शंभर पावलांचा, एकाच वळणाचा पुरे. तो जमला की वेळ, लांबी, वळणं यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवा.

सकाळी लवकर निघा. दव असेल तर वास टिकतो, उन्हाने आणि कोरड्या वाऱ्याने लवकर विरतो. शिवाय तापलेला कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो, त्यात हुंगणं मागे पडतं. म्हणून आधी पाणी पाजा. पिशवीत फक्त याच कामासाठी ठेवलेला हार्नेस, दहा मीटरची दोरी, हातमोजे, वही आणि गोचीड काढायचा चिमटा असू द्या. वाऱ्याची दिशा वहीत टिपा; शिळा वास वाऱ्याबरोबर बाजूला सरकतो, त्यामुळे कुत्रा मागापासून हात-दोन हात दूर चालला तरी टोकू नका.

वळणावर तो घुटमळला की जागेवर उभे राहा, दोरी सैल सोडा आणि त्याला गोल फिरून शोधू द्या. वही उघडून तो नेमका कुठे घुटमळला ते लगेच लिहा. पुढचा माग तिथूनच ठरवायचा आहे.