पोट्ट्यांना कॅम्पला न्यायचंय? बस ठरवायच्या आधी हे करा

डिसेंबर जवळ आला की शाळेत कोणीतरी म्हणतंच, यंदा रामटेकला नेऊन टाकू, खिंडसी तलावाला एक मुक्काम, रॅपलिंग (दोरीवरून कडा उतरणं), बोटिंग, रात्री कॅम्पफायर, होऊन जाते आरामात. मग बसवाल्याला फोन, कॅटररला फोन, आणि सेफ्टीचं काय असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "त्यांचे इन्स्ट्रक्टर असतात ना भाऊ." मी बरीच वर्षं पोट्टे घेऊन हिंडून राहिलो आणि हे वाक्य मीही म्हटलेलं आहे, म्हणूनच सांगतो, बसच्या आधी एक कोरा कागद घ्या.

त्याच्यावर लिहा, नेतोय कशासाठी. "व्यक्तिमत्त्व विकास" लिहू नका, ते बॅनरवर शोभते. असं काही लिहा की नंतर बघता येईल झालं की नाही, जसं की आठवीच्या पोरांनी आपला तंबू आपण लावला पाहिजे, किंवा मला भीती वाटते हे दोस्तासमोर सांगता आलं पाहिजे. मग एकेक अॅक्टिव्हिटी त्या कागदासमोर धरा. तंबू लावायला शिकवायचं असेल तर तलावात उतरायची काय गरज? त्या धोक्याचा उपयोगच नसेल तर तो कितीही छोटा असला तरी घेऊ नका.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. 1941 मधे वेल्समधल्या अॅबरडोव्हीला कर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने आउटवर्ड बाउंड ही साहस-शिबिरांची शाळा सुरू केली तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न एकदम नेमका होता, महायुद्धात टॉर्पेडो लागून जहाज बुडालं की तरणी पोरं लवकर हाय खातात अन् वयस्क खलाशी तग धरतात असं त्यांना वाटत होतं, म्हणून पोरांना समुद्र आणि डोंगर दाखवून आतून घट्ट करायचं. हेतू आधी आला, दोरखंड नंतर. आपल्याकडे आधी दोरखंड भाड्याने आणतात.

आता धोक्याकडे या. कागदाच्या मागच्या बाजूला दोन रकाने पाडा, एकात भीती कशाची वाटते आणि दुसऱ्यात माणूस खरोखर कशाने मरतो. रॅपलिंगची भीती सगळ्यांना वाटते, पण दोरी बांधायचे अँकर दोन असले, वरून वेगळ्या दोरीवर बिले असला (म्हणजे दुसरा माणूस पोराला दोरीने धरून असतो), हेल्मेट डोक्यावर असलं आणि हार्नेसचं बक्कल अन् कॅराबिनरचं (दोरी अडकवायच्या कडीचं) लॉक दुसऱ्या माणसाने हात लावून तपासलं (नुसतं बघून नाही, हात लावून) तर पोरगा बहुतेक गुडघाच खरचटून खाली येतो. ज्याची कोणालाच भीती वाटत नाही ते बघा, रात्री दीड वाजता परत निघालेली बस अन् झोपेला आलेला ड्रायव्हर, आणि टाइमटेबलमधला तो "मोकळा वेळ 4 ते 5", तलावाच्या काठाशी. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, तोंड पाण्याच्या वरखाली होते अन् आवाज निघत नाही, बाजूचे पोट्टे समजतात मस्ती करून राहिला. 1993 मधे इंग्लंडच्या लाइम बे मधे कायाकिंगला गेलेली चार शाळकरी मुलं दगावली, तेव्हा कुठे 1995 मधे तिथे अशा सेंटरांसाठी कायदा आला. लांब कशाला जा, 2017 च्या जुलैत आपल्या नागपूरजवळच्या वेणा धरणात नाव उलटली ती आठवा. म्हणून माझा नियम, मोकळा वेळ द्यायचा तर पाण्यापासून लांब, आणि पाण्यावर जायचं तर पोहता येवो न येवो लाइफ जॅकेट काठावरच घालायचं, बक्कल लावून. सरांनीही. सरांनी आधी.

नागपूरचं म्हणून वेगळं सांगतो. उन्हाळी शिबिर असेल तर सकाळी साडेनऊनंतर उन्हात काहीच ठेवू नका, संध्याकाळी पाचनंतर पुन्हा सुरू करा. पोरगं बरळायला लागलं, अंग तापलं, तर आधी सावलीत आणून कपडे ढिले करून पाणी ओतून वारा घाला, 108 ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करायचा, गाडीची वाट बघत बसायचं नाही. आणि अशा पोराच्या तोंडात बळेच पाणी ओतायचं नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत 30 सेकंद किंवा कमी मोजले तर ती 10 किलोमीटरच्या आतच आहे, सगळे बसमधे नाहीतर पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. झाडाखाली तर नाहीच. विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप आदल्या दिवशीच टाकून ठेवा. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं की तिथे रॅपलिंग नाही, विषय संपला. अन् झोपायचं जमिनीवर नाही, खाटेवर किंवा निदान मच्छरदाणी नीट खोचून, कारण मण्यार रात्री हिंडते आणि चावली तरी बरेचदा दुखत नाही, सूज नाही, पोरगं फक्त पोट दुखते म्हणते नाहीतर पापण्या जड झाल्या म्हणते. साप चावल्यावर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही करू नका, हातपाय हलू देऊ नका, वेळ लिहा आणि जिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे तिथे न्या. ते कुठे आहे हे जायच्या आधी फोन करून विचारलेलं पाहिजे.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते "नाही" म्हणणाऱ्या पोराबद्दल. एका कॅम्पला एक पोरगा कड्यावर थांबला, पांढराफटक पडलेला, आणि खालून आम्ही सगळे टाळ्या, कम ऑन कम ऑन, मी तर सगळ्यात जोरात. उतरला तो. फोटोही भारी आला, शाळेच्या ग्रुपवर गेला. बसमधे शेवटच्या सीटवर रडत होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर तो कुठल्याच कॅम्पला आला नाही. दोरीने त्याला काही झालं नाही, टाळ्यांनी झालं. या क्षेत्रात चॅलेंज बाय चॉइस म्हणतात, म्हणजे किती पुढे जायचं हे पोराने ठरवायचं, पण त्याचा अर्थ "नको तर बस बाजूला" असाही नाही. मधल्या पायऱ्या ठेवाव्या लागतात. हार्नेस घालून कड्यापर्यंत चालत ये, बास. किंवा दोन मीटरच्या दगडावरून उतर. किंवा दोरीचा बिले सांभाळायला दुसऱ्या सरांसोबत उभा राहा. आणि टाळ्या एकदम बंद, वर फक्त इन्स्ट्रक्टर बोलणार. जाड पोरगी, चष्मेवाला पोरगा, पाळी आलेली मुलगी, ज्याच्याकडे स्लीपरच आहे तो, या सगळ्यांसाठी काय करायचं हे नागपुरातच ठरवा, तिथे सगळ्यांसमोर नाही. बॅगेत चार-पाच जोड जादा बूट टाकले तर काही बिघडत नाही.

पालकांना खरं सांगा. कन्सेंट फॉर्मवर सही घेतली म्हणजे आपले हात झटकले असं होत नाही, आपल्या निष्काळजीपणाची माफी कागदावर मिळत नसते. मी सभेत सरळ बोलतो, खरचटेल, कदाचित हात मोडेल, ते होऊ नये म्हणून आम्ही हे हे करून राहिलो, आणि पाण्यात तुमचा पोरगा जाणार आहे की नाही ते आत्ता सांगा. हेच वाक्य त्याच्या आईच्या डोळ्यात बघून बोलता येत नसेल तर ती अॅक्टिव्हिटी काढून टाका. काही पालक नाव मागे घेतात. घेऊ द्या.

कॅन्सल कधी करायचं तेही घरीच लिहून ठेवा, कारण जागेवर पैसे भरलेले असतात, पोट्टे उड्या मारत असतात आणि आपलं डोकं चालत नाही. आम्ही एकदा फेब्रुवारीत एका तलावावर होतो, आभाळ भरून आलं, बोटवाला म्हणे काही होत नाही सर, रोजचंच आहे. आमच्या कागदावर लिहिलं होतं, गडगडलं की पाणी बंद. बंद केलं. गारा काही पडल्याच नाहीत, अर्ध्या तासात ऊन. पालकांनी बोटिंगचे पैसे मागितले, दिले. आणि हा अधिकार फक्त हेडसरांना ठेवू नका, सोबतच्या सगळ्यात ज्युनिअर मॅडमनेही "थांबा" म्हटलं तर थांबायचं, कारण मागे चालणाऱ्याला जेवढं दिसते तेवढं पुढच्याला दिसत नाही.

पेंचच्या जंगलाकडे नेणार असाल तर सूर्य बुडाल्यावर कॅम्पच्या बाहेर पाऊल नाही, गावातला गाइड म्हणेल ते ऐकायचं आणि स्पीकर घरी ठेवायचा.

परत आल्यावर सगळे थकलेले असतात, तरी बस रिकामी झाली की पाच मिनिटं थांबा आणि एक वही काढा, थोडक्यात वाचलो असं काय काय झालं ते लिहायला. आमच्या वहीत मागच्या वेळची पहिली ओळ आहे, "मोजताना 41 भरले, नेले होते 42, एक संडासात होता." त्याच्या खाली कोणीतरी पेन्सिलने लिहिलंय, संडासात जाताना जोडीदाराला सांगून जाणे. यंदा ते फॉर्ममधे टाकलंय.