कॉलेजची विद्यार्थी-सेवा सुधारायची? आधी खिडकीवरचे हेलपाटे मोजा

ग्रंथालय, वसतिगृह, समुपदेशन असं सगळं एकदम तपासायला घेऊ नका. एकच खिडकी निवडा. दाखले आणि शिष्यवृत्तीची खिडकी पहिली घ्यावी, कारण गगनबावड्याहून किंवा शाहूवाडीहून एसटीने कोल्हापूरला आलेल्या मुलीचा तिथला एक हेलपाटा म्हणजे तिचा अख्खा दिवस.

नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, भरून घेतो तो समाधानाचा फॉर्म या कामाचा नाही. 'ऑफिसचं सहकार्य कसं वाटतं?' या प्रश्नाला, तेही सर समोर उभे असताना, सगळे 'चांगलं' लिहितात. नेमकं काय बदलायचं, हे त्यातून कधीच कळत नाही.

त्यापेक्षा कामाचे 10 दिवस खिडकीशी एक साधी वही ठेवा. रकाने पाच: आल्याची वेळ, काम, कितवी खेप, किती मिनिटं लागली, आणि परत पाठवलं असेल तर का. विद्यार्थ्याचं नाव नको, क्लार्कचंही नको. नाव आलं की नोंदी गुळगुळीत होतात. लिहायला एनएसएसची मुलं पाळीपाळीने बसवा. क्लार्कवर सोपवलं तर ऐन गर्दीतल्या नोंदी सुटतात, आणि कामाच्या नोंदी त्याच असतात. 'कागद अपुरे' एवढ्यावर भागवू नका. 'उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा' असं स्पष्ट लिहा. एक नमुना पाहा: '11.40, एसटी पाससाठी बोनाफाईड, तिसरी खेप, 25 मिनिटं, सही करणारे बैठकीत.' उपाय या ओळीतच आहे. बोनाफाईडवर सही करण्याचा अधिकार आणखी एकाला द्या.

वही कधी ठेवता, यालाही महत्त्व आहे. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की गावाकडची मुलं येईनाशी होतात. त्या आठवड्यात खिडकी ओस दिसते, पण सेवा सुधारलेली नसते.

आता आकडे. समजा नऊ जणांना 5, 6, 7, 8, 8, 10, 12, 20 आणि 95 मिनिटं लागली. सरासरी 19 येते, प्रत्यक्षात नवांपैकी सात जण 12 मिनिटांच्या आत मोकळे झाले. म्हणून मधला आकडा, म्हणजे 8, लिहा आणि 95 वाल्याचं कारण वेगळं शोधा. नऊ जणांवर टक्केवारी काढत बसू नका.

खिडकीपर्यंत जे पोचलेच नाहीत, ते मात्र या वहीत येत नाहीत, आणि खरी गळती तिथेच असते. प्रवेश नोंदवहीतून पात्र विद्यार्थ्यांची यादी काढा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत चालतं. ती यादी महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या, अर्जांशी ताडून पाहा. तीन ढीग पडतील: अर्जच न केलेले, त्रुटीसाठी परत आलेले, आणि कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून राहिलेले. तिसरा ढीग पूर्णपणे आपला आहे, तो त्याच आठवड्यात संपवा. दुसऱ्या ढिगातल्या मुलांना अर्ज परत आल्याचं बहुतेकदा माहीतच नसतं, त्यांना फोन करा. पहिल्यातल्या 20 जणांशी बोला, पण 'अर्ज का नाही केला?' असं विचारू नका, मुलं ओशाळतात. 'कुठल्या कागदापाशी अडलं?' असं विचारा. काही मंजूर अर्जांचेही पैसे अडतात, कारण बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. तो प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्यावा.

वहीतलं सर्वांत जास्त वेळा आलेलं एकच कारण आधी हाताळा. खिडकीची वेळ आणि अर्जाचा नमुना एकदम बदलला, तर गुण कशाने आला ते कळणार नाही. पुढच्या महिन्यात त्याच तारखांना पुन्हा 10 दिवस वही ठेवा. पास संपायच्या दिवसांतली गर्दी आणि एरवीची गर्दी यांची तुलना होत नाही. आणि खिडकीवर दोन ओळी लावा: काय आढळलं, काय बदललं. उदाहरणार्थ, 'सहीअभावी हेलपाटे होत होते. आता बोनाफाईड 4 वाजेपर्यंत मिळेल, शेवटच्या एसटीच्या आधी.'