‘इलियड’ अर्ध्यात सुटतं? वाचताना या चुका टाळा

ग्रीक आणि ट्रॉय यांच्या युद्धावरचं होमरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य ‘इलियड’ बहुतेकांचं दुसऱ्या सर्गात अडतं. माझंही पहिल्या खेपेला तिथेच अडलं होतं. पहिल्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अॅगमेम्नॉन आणि त्यांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस यांचं कडाक्याचं भांडण होतं, आपण रंगतो, आणि लगेच पुढे जहाजांची यादी येते. कुठल्या गावाहून कोण किती जहाजं घेऊन आला, याच्या अडीचशेहून जास्त ओळी. २९ पथकं, १,१८६ जहाजं. यातलं काहीही पाठ करायचं नाही. पहिल्या वाचनात यादी चाळा, पण प्रोटेसिलाउसपाशी थांबा. ट्रॉयच्या किनाऱ्यावर सगळ्यांत आधी उडी मारणारा आणि तिथेच मारला गेलेला हा वीर. मागे त्याची बायको गाल ओरबाडत राहिली आणि घर अर्धंच बांधून झालेलं. दोन ओळींत एवढं सांगून कवी पुढच्या गावाकडे वळतो.

दुसरी चूक म्हणजे ट्रॉय जिंकून देणाऱ्या लाकडी घोड्याची वाट पाहणं. तो ‘इलियड’मध्ये नाहीच. अकिलीसची टाच नाही, त्याचा मृत्यूही नाही. घोड्याची हकिकत होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, ‘ओडिसी’त, आठव्या सर्गात एक गायक गातो. दहा वर्षांच्या युद्धातले शेवटच्या वर्षातले पन्नासएक दिवस, एवढाच ‘इलियड’चा काळ. मूळ ग्रीकमधला पहिला शब्द आहे ‘मेनिस’. इंग्रजी अनुवादक त्यासाठी रागाचे निरनिराळे शब्द वापरतात, पण मराठीत ‘कोप’ हा शब्द आपल्याला आयता मिळाला आहे. देवाचा होतो तो कोप. होमरही हा शब्द मुख्यतः देवांसाठी वापरतो, आणि अकिलीससाठी. तो कोप कुठे पेटतो, नवव्या सर्गात समजूत घालायला आलेल्यांपुढेही का शमत नाही, सोळाव्यात त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस मेल्यावर कुठे वळतो, हे धरून वाचलंत तर लढायांच्या गर्दीत वाट चुकत नाही.

फुकट मिळाला तोच अनुवाद घेणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते. इंटरनेटवर सहज सापडतो तो सॅम्युअल बटलरचा १८९८ सालचा गद्य अनुवाद. त्यात देवांची नावं रोमन आहेत: झ्यूसच्या जागी जोव्ह, अथीनाच्या जागी मिनर्व्हा, ओडिसियसचा युलिसिस. बाहेर कुठे काही वाचलं की ही माणसं कोण, असा घोळ होतो. शिवाय काव्य हातातून निसटतं ते वेगळंच.

रिचमंड लॅटिमोरचा अनुवाद (१९५१) मूळ ओळीला धरून चालतो. त्याचं इंग्रजी जड वाटेल, पण ग्रीक रचनेच्या तो जवळ राहतो. रॉबर्ट फॅगल्स (१९९०) मोकळा, वेगवान. एमिली विल्सन (२०२३) साध्या, आजच्या इंग्रजीत, पण ठाशीव छंदात लिहिते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी विल्सन किंवा फॅगल्स सुचवीन, दुसऱ्या वाचनाला लॅटिमोर. विकत घेण्याआधी चोविसाव्या सर्गातलं एखादं पान प्रत्येकात मोठ्याने वाचून पाहा. जीभ जिथे अडखळणार नाही, तो अनुवाद तुमचा.

लेखात ‘२४.४७८’ असा संदर्भ असतो आणि तुमच्या पुस्तकात तिथे भलतंच काही सापडतं, तेव्हा पुस्तक चुकलेलं नसतं. तो आकडा ग्रीक ओळीचा आहे: चोविसावा सर्ग, ४७८वी ओळ. फॅगल्सच्या ओळी मुळापेक्षा जास्त आहेत, म्हणून त्याच्या पानांच्या माथ्यावर ग्रीक क्रमांक दिलेले असतात. तिथे बघा.

नावांचा गोंधळ आपल्याला फार होऊ नये. कौंतेय, पार्थ, सव्यसाची म्हणजे एकच, हे आपण लहानपणापासून जाणतो. तसाच पेलिउसचा मुलगा म्हणजे अकिलीस. मात्र आट्रेउसचे मुलगे दोन आहेत, अॅगमेम्नॉन आणि मेनेलाउस, अजॅक्सही दोन. अकीयन, आर्गाइव्ह, डॅनाअन हे तिन्ही शब्द ग्रीकांसाठीच.

महाभारताची सवय एका ठिकाणी मात्र आड येते. आपण पांडव कोण आणि कौरव कोण, ते शोधू लागतो. इथे ते शोधू नका. सहाव्या सर्गात शत्रुपक्षाचा, म्हणजे ट्रॉयचा, हेक्टर आपल्या बाळाला घ्यायला हात पुढे करतो, शिरस्त्राणावरचा तुरा पाहून बाळ घाबरून रडतं, आईबाप हसतात, आणि हेक्टर शिरस्त्राण उतरवून जमिनीवर ठेवतो. हे वाचल्यावर बाजू घेणं अवघड होतं, आणि ते तसंच राहू द्यावं.

विशेषणं गाळून वाचणं

अकिलीस बसलेला असला तरी ‘वेगवान पायांचा’. पहाट पुन्हा पुन्हा ‘गुलाबी बोटांची’. कंटाळून लोक हे शब्द ओलांडतात. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि हे तयार शब्दबंध गाता गाता काव्य रचणाऱ्याचा आधार असतात, हे दाखवून दिलं. म्हणून दिवसाला एकच सर्ग घ्या, पण मोठ्याने वाचा, पोथी वाचतात तसा. चोविसाव्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो, हेक्टरचं प्रेत मागून नेतो, आणि अंत्यसंस्कारापाशी काव्य संपतं. मूळ ग्रीकमधला शेवटचा शब्द हेक्टरचं तेच जुनं, पुन्हा पुन्हा आलेलं विशेषण आहे: घोडे माणसाळवणारा.