स्क्रीन काळी पडली? ड्रायव्हरच्या आधी रॅम बघा

लिनक्स सपोर्टचं काम शिकायला येणारी मुलं सुरुवातीला एक गोष्ट हमखास करतात. स्क्रीन काळी होऊन मशीन लॉगिनवर परत आलं, की ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायचा. त्याने भागलं नाही तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल बदलायचा, आणि शेवटी वैतागून अख्खी डिस्ट्रोच, म्हणजे बसवलेलं सगळं लिनक्सच. मी नाशिकला अंबड आणि सातपूरच्या छोट्या कारखान्यांची, ड्रॉइंग ऑफिसांची मशिनं बघतो. ज्या मशिनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे मी पहिला संशय मेमरीवर घेतो.

रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स चिप आतच असते आणि तिला स्वतःची मेमरी नसते. काही रॅम बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) बूट होतानाच तिच्यासाठी बाजूला काढतो, बाकीची ड्रायव्हर लागेल तशी मागून घेतो. एकाच विहिरीवर दोन मोटा. रॅममधला एखादा बिट चुकला आणि तो चित्रातल्या ठिपक्याचा असला, तर रंग किंचित बदलतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तोच बिट चिपला दिलेल्या आज्ञांमध्ये किंवा तिच्या पेज टेबलात (मेमरीतल्या पत्त्यांच्या यादीत) असला, तर चिप जागीच अडकते. ड्रायव्हर काही सेकंद वाट बघतो, मग तिला रीसेट करतो. लॉगमध्ये नाव येतं ते ड्रायव्हरचं, कारण तक्रार करणारा तोच असतो.

अंबडच्या एका ड्रॉइंग ऑफिसातलं मशीन फक्त दुपारी पडायचं. सकाळी ठणठणीत. आधी येऊन गेलेल्या माणसाने मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरचा एक भाग) नवी टाकली होती, कर्नलही नवा होता. अशा वेळी आधीच्या बूटचा कर्नल लॉग वाचायचा: जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या आज्ञेला ‘के’ आणि ‘बी उणे १’ हे पर्याय द्यायचे. बऱ्याच मशिनवर व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाचं फोल्डरच नसतं, मग आधीच्या बूटचा लॉग टिकत नाही. ते फोल्डर पहिल्याच भेटीत बनवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी हाती काहीच लागणार नाही.

लॉग उघडला की नवखा माणूस ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ (ग्राफिक्स चिपने वेळेत उत्तर दिलं नाही) या ओळीवर थांबतो आणि तीच शोधत बसतो. ती ओळ परिणामाची आहे. तिच्या वरचे तासभर वाचा. या मशिनवर तिथे ब्राउझर, फाइल मॅनेजर आणि छपाईची सेवा असे एकमेकांशी संबंध नसलेले प्रोग्रॅम सेगफॉल्ट होऊन (मेमरीतल्या चुकीच्या पत्त्यावर जाऊन) पडलेले होते. ड्रायव्हरमध्ये खरंच दोष असेल तर तो बहुधा ठरावीक कामावर, ठरावीक जागी पडतो. रॅमची पडझड विखुरलेली असते.

पुढची पायरी कॅबिनेट न उघडता होते. डीएमआयडीकोड या हार्डवेअरची माहिती देणाऱ्या आज्ञेला मेमरी विचारा, सुडो लावून. रॅमच्या प्रत्येक पट्टीची कंपनी, तिचा वेग आणि ती सध्या कोणत्या वेगाने चालते आहे, हे सगळं मिळतं. इथे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या. एक ३६०० ची, दुसरी नंतर घातलेली ३२०० ची, आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असल्यामुळे दोघीही ३६०० वर. ५६००जीचा अधिकृत वेग डीडीआर४-३२००. म्हणजे एक पट्टी आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, दोघांनाही कुवतीबाहेर पळवलं जात होतं. एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, दुकानात ते कुणी त्या नावाने सांगत नाही एवढंच. त्यात आपला मे महिना. नाशिक थंड हवेचं म्हणायचे दिवस गेले, पत्र्याखालच्या ऑफिसात तर बघायलाच नको. उष्णता वाढली की डीरॅममधला विद्युतभार लवकर गळतो, आणि काठावर चाललेली मेमरी काठाच्या पलीकडे जाते.

एक्सएमपी बंद करतो म्हटल्यावर शेठ म्हणाले, “अहो, पण दुकानदार म्हणाला होता, हे चालू असलं की मशीन पळतं.”

“पळतं ना शेठ. पण दुपारी धापा टाकतं.”

बंद केलं. ड्रायव्हर तोच ठेवला, कर्नलही तोच. काळी स्क्रीन थांबली.

मेमटेस्ट८६+ ही रॅमची चाचणी जरूर चालवा, तीही रात्रभर. २०२२ मध्ये आलेल्या ६.०० आवृत्तीपासून ती यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असलेल्या मशिनवरही चालते. एकही लाल ओळ दिसली तर पट्टी किंवा सेटिंग सदोष समजा, ‘एकच तर आहे’ म्हणू नका. मग एकेक पट्टी लावून बघा. मात्र मेमटेस्ट सुखरूप पार पडली म्हणून रॅमला क्लीन चिट देऊ नका. ती चाचणी प्रोसेसर करतो, ग्राफिक्स चिप तेव्हा जवळपास रिकामी असते. दोघांनी एकदम मेमरीवर ताण दिला की काय होतं, हे तिला दिसत नाही. म्हणून चाचणीचा निकाल काहीही असो, एक्सएमपी बंद करून मशीन काही दिवस रोजच्या कामात चालवून बघायचंच.

कधीकधी रॅम चांगली असते आणि वाटणी चुकलेली असते. ग्राफिक्स चिपसाठी किती रॅम बाजूला काढायची, हे ठरवणारी यूएमए फ्रेम बफर नावाची सेटिंग बायोसमध्ये आहे. १६ जीबीच्या मशिनवर कुणी ती ४ जीबी करून ठेवली, की ‘फ्री’ आज्ञेत एकूण मेमरी १२ च्याही आत दिसते. मग मोठं ड्रॉइंग उघडलं की कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर जागा मोकळी करणारा) एखादी प्रक्रिया मारतो. ती डेस्कटॉपचीच निघाली तर बघणाऱ्याला ग्राफिक्स क्रॅश वाटतो. लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. साध्या कामाला ५१२ एमबी बफर पुष्कळ, कारण ड्रायव्हर बाकीची मेमरी गरजेप्रमाणे घेतोच. थोडा स्वॅपही (रॅम भरली तर वापरायची डिस्कवरची जागा) ठेवा.

एनव्हिडियाचं वेगळं कार्ड असेल तर गोष्ट निराळी. ‘बार१ इज ०एम’ अशी ओळ दिसली तर बायोसने कार्डला पत्त्यांची जागाच दिलेली नाही. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ चालू करून बघा, ते नसेल तर कर्नलला ‘पीसीआय=रीअॅलॉक’ द्या.

लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असली तर पट्टी बदलता येत नाही. मेमटेस्टने खराब पत्ता कायम एकाच जागी दाखवला, तर कर्नलच्या ‘मेममॅप’ पर्यायाने तेवढा तुकडा वगळता येतो. ग्रबच्या (कर्नल बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये लिहिताना त्यातल्या डॉलरच्या खुणेआधी बॅकस्लॅश लागतात, नाहीतर ग्रब तिला व्हेरिएबल समजून गिळून टाकतो. बूट झाल्यावर कर्नलच्या कमांडलाइनमध्ये तुमचा पर्याय अख्खा दिसतोय ना, ते बघा आणि मगच मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्या.