सावळ्या पापणीवर आयशॅडो राखट दिसते? आधी प्रायमर बदला

सावळ्या रंगावर पांढुरका प्रायमर, म्हणजे आयशॅडोच्या आधी पापणीवर द्यायचा थर, लावला की वरची आयशॅडो राख फासल्यासारखी दिसते. पारदर्शक प्रायमरने ती टिकते, पण पापणी गडद असेल तर रंग उठत नाही.

१. प्रायमर आपल्या त्वचेच्या रंगाचा किंवा किंचित पीच झाक असलेला घ्या. दुकानातल्या दिव्यांवर विसंबू नका; मनगटावर लावून दाराशी उजेडात बघा. पापणी फारच काळपट असेल तर आधी नारिंगी करेक्टरचा (काळपटपणा झाकणाऱ्या क्रीमचा) अगदी पातळ हात द्या.

२. पापणीवरचं तेल आणि जुनं काजळ पुसा. तांदळाच्या दाण्याएवढा प्रायमर दोन्ही डोळ्यांना पुरतो. अनामिकेने थापटत लावा, घासू नका.

३. मिनिटभर थांबा. पापणीच्या घडीत जमलेला प्रायमर बोटाने सारखा करा. मॅट शॅडो असेल तर वर त्वचेच्या रंगाची पावडर हलकीच फिरवा. चमकदार शॅडो मात्र प्रायमर जरा चिकट असतानाच बोटाने दाबून बसवा.

मोरपंखी किंवा गडद जांभळ्या शॅडोखाली काळ्या पेन्सिलीचा पुसट थर द्या. बहिणीच्या हळदीला मी असंच केलं आणि साडीच्या काठाचा रंग पापणीवर हुबेहूब उतरला.

नवा प्रायमर आदल्या दिवशी कानामागे लावून बघा. खाज सुटली तर डोळ्यांना लावू नका.