बोर्डोची पहिली चांगली बाटली गोव्याच्या उकाड्यात कशी उघडावी

फ्रान्सच्या बोर्डो भागातली रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी, असं सगळेच सांगतात. ती खोली फ्रान्समधल्या दगडी घरातली, 16 ते 18 अंशांची. मडगावात मे महिन्यात घरात 32 अंश असतात. त्या उष्णतेत अल्कोहोल आधी नाकात चढतं, फळाचा वास दबतो आणि चव ढिली पडते. पहिल्या घोटालाच मन उतरतं ते बहुतेक यामुळे, आणि त्याचं फार वाईट वाटतं, कारण उपाय अगदी सोपा आहे.

बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा. 12 ते 15 मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात मधे हवा राहते, म्हणून पाणी हवंच. फ्रीजमध्ये याहून बराच जास्त वेळ लागतो. रात्रभर फ्रीजमध्ये राहिली असेल तर अर्धा तास बाहेर काढून ठेवा. अतिथंड वाइनचा तुरटपणा काजूचा बोंडू खाल्ल्यासारखा जीभ ओढून धरतो.

पहिल्या बाटलीसाठी बोर्डोतल्याच मेदोक भागाची कोवळी, काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त असलेली वाइन घेऊ नका, ती बरीच वर्षं मिटलेली राहते, वास-चव खुलत नाही. तिथल्याच सेंत-एमिलियों भागाची, मर्लो जातीची द्राक्षं जास्त असलेली, आठ-दहा वर्षांची घ्या. 2015 आणि 2016 ही वर्षं तिथे छान गेली. (बोर्डोच्या वाइनची 1855ची प्रसिद्ध वर्गवारी सेंत-एमिलियोंला लागूच नाही, लेबलावर ती शोधू नका.) दुकानात एसी आहे का, ते बघा. बूच वर उचललेलं असेल किंवा टोपणाखाली चिकट ओघळ असेल, तर बाटली उन्हात तापलेली असू शकते, ती सोडा.

आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ तळाशी बसेल. ओतताना बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरा आणि गाळाची रेघ दिसली की थांबा. कोवळी वाइन तासभर आधी डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या सुरईत) ओता, पण एसीच्या खोलीत, नाहीतर ती पुन्हा तापते. वीस वर्षांपुढची मात्र पिण्याच्या अगदी आधी ओता, तिचा वास लवकर उडतो.

पावसाळ्यात ग्लास आधी हुंगा. बंद कपाटातल्या ग्लासाला कुबट किंवा डांबरगोळ्यांचा वास येतो. गरम पाण्याने धुऊन, थोडी वाइन घालून फिरवा, ती फेकून द्या आणि मग ओता. स्वच्छ ग्लासातही ओल्या पुठ्ठ्याचा वास येत राहिला तर खराब बुचामुळे वाइन बिघडली आहे, आणि तो वास हवा देऊन जात नाही. ग्लासात 100 मिलीच ओता, वास साठायला वर जागा हवी.

सोबत शागोती किंवा विंदालू नको. मिरचीने तुरटपणा आणि अल्कोहोलचा जाळ दोन्ही वाढतात. बांगड्यासोबत तोंडात लोखंडाची चव येते. मिरी-लसणाचं साधं रोस्ट बीफ किंवा मटण उत्तम. उरलेली वाइन बूच लावून फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते.