चादर सुती आहे का? आधी दशा तपासा

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ती सुतीच असणार असं गिऱ्हाईक धरून चालतं. पण तशाच डिझाइनची पॉलिस्टरमिश्रित चादरही बाजारात मिळते, आणि सॉफ्टनर मारलेलं कापड हाताला सारखंच मऊ लागतं. तेव्हा कापड चाचपत बसू नका, धागा जाळून बघा. आणि एकाच धाग्यावर निकाल देऊ नका. ताणा (लांबीचे उभे धागे) सुती आणि बाणा (आडवे धागे) पॉलिस्टर असू शकतो.

ताण्याचे धागे मिळवणं सोपं, चादरीच्या टोकाला लोंबणाऱ्या दशा म्हणजे ताणाच. बाण्याचे धागे दशांच्या लगतचे, आडवे, सुईने सोडवून काढा. डिझाइनमध्ये जितके रंग, तितके वेगळे नमुने घ्या. कडेच्या शिवणीचा किंवा लेबलचा दोरा मात्र घेऊ नका. अस्सल सुती चादरीतही तो पॉलिस्टरचा असू शकतो आणि त्यावरून चांगला माल उगाच बदनाम होतो.

एकटा धागा भुर्रकन जळतो, काही कळत नाही. पाच-सहा सेंटिमीटरचे चार-पाच धागे एकत्र पिळा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली, शेजारी पाण्याचा तांब्या, पंखा बंद. ज्योत लायटरची बरी. काडी वापरलीत तर गुल जळून जाऊ द्या, नाहीतर गंधकाचाच वास येईल. पीळ बाजूने हळूहळू ज्योतीजवळ न्या.

सूत लगेच पेटतं, जळक्या कागदासारखा वास येतो, ज्योत विझल्यावरही टोक लाल धुमसत राहतं, आणि राख चिमटीत धरताच भुकटी होते. पॉलिस्टर ज्योतीला लागण्याआधीच आखडतं, वितळतं, काळा धूर आणि गोडसर रासायनिक वास सोडतं. थंड झाल्यावर टोकाला कडक मणी उरतो, नखाने फुटत नाही. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, म्हणून बोटांत धरून हा प्रयोग करूच नये.

राख होते पण तिच्यात टणक खडा लागतो? मग एकाच धाग्यात दोन्ही तंतू कातलेले आहेत. पॉलिस्टरचं प्रमाण अगदी थोडं असेल तर घरी कळत नाही, ठोक खरेदी असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या. व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा, सुतासारखंच जळतं. तो संशय असेल तर धागा भिजवून ओढा. ओलं सूत कोरड्यापेक्षा चिवट होतं, व्हिस्कोज पटकन तुटतं.

पाण्याचा थेंब टाकून तो जिरतो का ते बघायची पद्धत टॉवेलसाठी बरी, पण कोऱ्या कापडावर ती फसवते. खळ किंवा सिलिकॉनचा सॉफ्टनर असेल तर सुतावरही थेंब तसाच उभा राहतो. दोनदा धुऊन मग बघा.

पॉलिस्टर निघालं म्हणून चादर टाकाऊ ठरत नाही. ती लवकर वाळते, आटत नाही, प्रवासाला सोयीची. पण साध्या हवेत सूत वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. सोलापूरच्या मे महिन्यात घाम कुठे जाणार? शिवाय पॉलिस्टर येतं खनिज तेलातून, आणि प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू सांडपाण्यात जातात. ते कमी व्हावेत म्हणून गार पाणी वापरा, मशीन पूर्ण भरून लावा, ब्रशने घासू नका. सूतही धुतल्या तांदळासारखं नाही: कापसाला पाणी आणि फवारणी लागते, रंगाईचं पाणी तसंच सोडलं तर नाल्याची वाट लागते. म्हणूनच सुती चादर फाटेपर्यंत वापरावी, मग तिची वाकळ, शेवटी फरशीचं फडकं करावं.

फाटलेली पॉलिस्टर चादर बंबात किंवा चुलीत घालू नका. तिचा धूर घरातल्यांच्या छातीत जातो आणि वितळलेला गोळा जाळीला चिकटून बसतो. तिचे तुकडे उशीत भरा किंवा गाडी झाकायला ठेवा. खताच्या खड्ड्यातही ती घालू नये, कुजत नाही.